एक पाय चपलेत

भर दुपारी एका परक्या घराच्या दारात उभे राहून एका गृहस्थांनी माझी जात इतक्या मोठ्याने सांगितली, की समोरच्या टपरीतल्या इस्त्रीवाल्याने कपड्यावर टेकलेली इस्त्री चटकन वर उचलून धरली. तो क्षण आठवला, की आजही माझ्या कानांच्या पाळ्या गरम होतात. त्यातही नवल असे, की ते गृहस्थ माझे वैरी नव्हते. हिंगोलीत मला विकतचे घर मिळवून देण्यासाठी मीच त्यांना, आमच्या काकांना, नेमले होते.

“या बाई शाळेत भूगोल शिकवतात,” ते सांगत होते. त्याआधी माझे नाव आणि आडनाव स्वच्छ उच्चारून झाले होते. “संगं त्यांची आई हाय. गाव पुसेगाव. बौद्ध हायेत. तुमचं घर बघायला आल्यात. दाखवायचं असंल तर या म्हणा, नसंल तर हितंच सांगा.”

एवढे बोलून ते उंबऱ्यापाशी थांबले. उजवा पाय चपलेतून बाहेर काढून फरशीवर टेकवलेला. डावा अजून चपलेतच.

घरमालक बनियनवर बाहेर आले होते. ते गडबडीने हसले. “अहो, आमी असलं काही मानत न्हाई. जमाना कुठल्या कुठं गेला! पण काय हाय, घराचं जरा... म्हणजे भाच्याला शब्द देऊन बसलो.”

काकांचा उजवा पाय मुकाट्याने चपलेत परत गेला. “चला बाई.”

रस्त्यावर आल्यावर मी त्यांना गाठले. म्हणाले, “काका, हे काय केलंत तुम्ही?”

“घर गेलं का तुमचं?”

“गेलंच की!”

“ते तुमचं कवा व्हतं? बाई, व्हय म्हणायला येळ लागत नसतो. येळ लागतो न्हाई म्हणायला. ते आत बसून, चहा पिऊन, आठ दिवसांनी फोनवर ऐकण्यापरीस दारात ऐकलेलं बरं.” मग ते माझ्या आईकडे वळले. “माय, भिंत बघितली व्हती का तुमी?”

“आत गेले असते तर बघितली असती,” आई म्हणाली.

“मग बरं झालं.”

मला वाटले, आई आता यांची चांगलीच हजेरी घेईल. पुसेगावात तिच्या जिभेला भले भले दबकून असत. पण ते पुढे निघून गेल्यावर ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “माणूस येडा हाय. पण आपल्या बाजूचा हाय.” त्या दुपारचा तो मला बसलेला दुसरा धक्का.

भिंतीची गोष्ट सांगायला हवी. माझ्या वडिलांनी फार वर्षांपूर्वी आणलेली बुद्धांची एक मोठी तसबीर आमच्याकडे आहे. भाड्याच्या खोलीत खिळा ठोकायचा नाही, अशी मालकांची ताकीद असल्यामुळे ती तसबीर ट्रंकेवर, भिंतीला टेकवून, उभी असे. वडील गेल्यावर आईने एकच गोष्ट मागितली: आपला खिळा ठोकता येईल अशी एक भिंत. त्यामुळे कुठलेही घर बघायला गेले, की ती स्वयंपाकघर बघत नसे, नळ बघत नसे. बैठकीत उभी राहून भिंती बघे.

काकांच्या आधी आम्ही दुसऱ्या एका दलालाबरोबर हिंडत होतो. तो अतिशय मृदू होता. “मॅडम, आडनावाचं मी बघतो. तुम्ही फक्त मॅडम राहा,” असे तो मला प्रत्येक दारात शिरताना हळूच सांगे, आणि मीही, मुळातच न बोलणारी असल्यामुळे, फक्त मॅडम राहत असे. एका घरात आईला पूर्वेची भिंत फार आवडली. तिथे घड्याळ होते. “हे घड्याळ इथून काढावं लागंल,” असे ती घरमालकिणीला म्हणाली. सगळे हसले. चहा आला, वर बशीत बिस्किटे आली. नंतर फोन आला तो, घर आता विकायचे नाही म्हणून. पुढे मला कळले, की त्या दलालाचा मोबदला दोन्हीकडून ठरलेला होता आणि माझे आडनाव त्याने त्याच संध्याकाळी विकणाऱ्यांना पोचवले होते. त्याला त्या लोकांना पुन्हा तोंड दाखवायचे होते. मला दाखवले नाही तरी चालणार होते. आई कितीतरी दिवस मधूनच विचारी, “ते घड्याळ त्यांनी काढलं असंल का गं?”

तेव्हा शाळेतल्या एका बाईंनी या काकांचे नाव सुचवले.

ते एसटीचे निवृत्त कंडक्टर. आयुष्यभर नांदेडच्या रस्त्यावर “कळमनुरीवाले, उतरून घ्या!” असे शेवटच्या बाकापर्यंत पोचवलेला तो आवाज निवृत्तीनंतरही खाली आला नव्हता. घरे शोधून देण्याचा उद्योग त्यांनी नंतर सुरू केला. पण तो फक्त घेणाऱ्यासाठी. विकणाऱ्याकडून ते काही घेत नसत. गावातले बाकीचे दलाल त्यांना “एकतर्फी” म्हणत. स्टँडजवळच्या हॉटेलात ते दिसले, की कोणीतरी हाक मारी, “काय एकतर्फी, आज कोणाचा सौदा मोडला?” ही पदवी असल्यासारखे ते मान डोलावत.

“कोर्टात दोघांचा वकील एकच असतो का?” ते मला म्हणाले होते. “मग घराच्या सौद्यातच काहून? विकणाऱ्याला त्याचं घर तोंडपाठ असतं. घेणारा बिचारा अर्ध्या घंट्यात जलमाचा कौल देऊन बसतो. त्याच्याकडून बोलणारं एक तोंड नको का? त्यात तुमच्यासारखी बाई. तुमाला तर सोताचं तोंड बी न्हाई.”

ते इतके खरे होते, की मला राग आला नाही.

त्यांच्या पायात नेहमी रबरी चपला असत. बूट नको, का, तर पाय काढता यायला वेळ लागता कामा नये. खांद्याच्या पिशवीत घरून भरलेली पाण्याची बाटली असे. विकणाऱ्याच्या घरचा चहा सोडा, पाण्याचा घोटही ते घेत नसत. “ज्याचा चहा पोटात, त्याचा शब्द व्हटात,” असे ते म्हणत. मोबाइलवर कोणी घराचे फोटो पाठवले, तर ते न बघता मला परत देत. “फोटोला वास येत न्हाई, बाई.” आणि घरात शिरल्यावर मालक जे दाखवी ते सोडून, जे दार लोटून घेतलेले असेल ते आधी उघडत. एकदा एका अनोळखी माणसाच्या निजायच्या खोलीत ते फरशीवर चक्क आडवे झाले आणि डोळे मिटून पडून राहिले. मालकीणबाई घाबरून पाणी आणायला धावल्या. “झोपलो न्हाई,” ते डोळे न उघडता म्हणाले. “शेजारची गिरणी कवा सुरू होती ते ऐकून राहिलो.” मला त्या क्षणी ती फरशी दुभंगून आत घेईल तर बरे, असे झाले होते.

पण खरा प्रसंग हळदीचा.

मोंढ्याच्या बाजूला एक छान बैठे घर होते. दारातली ती घोषणा ऐकून तिथल्या बाई ताबडतोब, “या की, दारात काहून उभे?” म्हणाल्या. काकांच्या दोन्ही चपला निघाल्या. त्या बाईंच्या मनात खरोखर काही नव्हते. आजही मी त्यांना चांगलेच म्हणेन. आईने भिंत निवडली. मी प्रथमच धीर करून खिडकीतून बाहेर बघितले आणि इथे एक टेबल मावेल, असे मनाशी म्हणाले. एवढ्यात मागे खाटेची करकर झाली. वळून बघते, तर काका त्या बाईंच्या पलंगावर उभे! त्यांनी पंख्याच्या पात्यावरून बोट फिरवले आणि ते बोट सर्वांपुढे धरले. पिवळेधमक.

“मागं हळद घासून पॉलिश करायचा कारखाना हाय,” ते म्हणाले. “उन्हाळाभर ड्रम फिरतेत. पावसाळ्यात घर दाखवून राहिले, म्हणून आज गप हाय.”

“अहो, हळद शुभ असते!” त्या बाई म्हणाल्या.

“शुभ हाय, ताई. पण ते फुफ्फुसाला ठावं न्हाई. या मायला दमा हाय.”

मी त्या बाईंची पुन्हा पुन्हा क्षमा मागत बाहेर पडले. रस्त्यावर काका माझ्यावरच उखडले. “माफी कायची मागता? एक तर तुमी गप बसता, न्हाई तर माफी मागता. या दोहोंच्या मधलं काही तुमाला येतच न्हाई का?”

आई मात्र वेगळ्याच कारणाने रुसली होती. “भिंत चांगली व्हती,” ती म्हणाली.

“माय, दमा भिंतीला न्हाई. तुमाला हाय.”

असे कित्येक महिने गेले. घर काही मिळाले नाही. एके दिवशी ते आमच्या खोलीवर आले आणि आत न येता जिन्याच्या वरच्या पायरीवरच बसले. आवाज कधी नव्हे तो खाली आलेला.

“एक घर हाय,” ते म्हणाले. “तुमाला बराबर बसंल. पण त्या घरासाठी मी तुमच्या कामाचा न्हाई. दुसरा माणूस बघा.”

“काहून?” आईने विचारले.

“ते माझ्या बायकोचं हाय.”

त्यांच्या पत्नीचे गुडघे गेले होते. घराचे जोते उंच, पायऱ्या चढवत नव्हत्या. लेक कळमनुरीला दिलेली. तिच्या शेजारी दोन खोल्या बघितल्या होत्या. हिंगोलीतले घर पत्नीच्या नावावर होते आणि विकायचे तिनेच ठरवले होते.

“मग तुमी बायकोकडून बोलणार?” आई म्हणाली.

“तेच तर. दोन्हीकडं मी बसत नसतो.”

“मग आमच्याकडं बसा. आमी तुमाला आधी सांगितलंय.”

मला वाटले, आई थट्टा करते आहे. काका मात्र जिन्याचा कठडा धरून उठले. मग म्हणाले, “बराबर हाय. तुमी आधी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्यांच्याबरोबर गेलो. दार सताड उघडे होते. आपल्याच घरात माणूस सरळ आत जाईल, या समजुतीने मी एक पायरी पुढे टाकली, तर त्यांनी हात आडवा केला आणि स्वतःच्या घराची कडी वाजवली.

कणकेचे हात घेऊन काकू बाहेर आल्या. “आता हे काय नवीन?”

काकांनी उजवा पाय चपलेतून काढला आणि सुरुवात केली. माझे नाव, आडनाव, पुसेगाव, शाळा, आई, बौद्ध. एक शब्द कमी केला नाही, एक सूर खाली आणला नाही. “दाखवायचं असंल तर या म्हणा, नसंल तर हितंच सांगा.”

काकूंनी माझ्याकडे बघितले, आईकडे बघितले. आणि मग आमच्या खांद्यांवरून पलीकडे. समोरच्या ओट्यावर दोघीजणी मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांचे हात थांबले होते.

“ह्यांना...” काकू म्हणाल्या, आणि गप्प झाल्या.

मी काकांच्या पायाकडे बघत होते. तो पाय चपलेत परत गेला.

“चला बाई.”

“अहो, कुठं?” काकू ओरडल्या.

“दुसरं घर बघायला.”

आणि भर सकाळी, सगळ्या गल्लीदेखत, तो माणूस आपल्या बायकोला दारात उभी ठेवून आमच्यापुढे चालू लागला. कोणी आपल्यासाठी असे काही केले, म्हणजे मन भरून यावे, असे वाचले होते. माझे तसे झाले नाही. आपल्या एका भिंतीपायी कोणाचा संसार तडकतो आहे, एवढेच मला दिसत होते.

त्यानंतर काका फिरकले नाहीत. आल्या त्या काकू. जिन्यावर कोणीतरी कठडा धरून थांबत थांबत चढत असल्याचा आवाज आला, म्हणून मी दार उघडले, तर त्याच उभ्या. मी इतकी गांगरले, की बसा म्हणायचेही राहिले. त्या आपल्या आपणच आत येऊन खाटेवर टेकल्या.

“तुमच्या माणसाला जरा समजवा,” त्या आईला म्हणाल्या.

“आमच्या?”

“मग कोणाच्या? सध्या तुमचाच हाय तो. घरात जेवत न्हाई. पाणी बी त्या बाटलीतलं, आन ती बाटली स्टँडवरून भरून आणतो. म्हणतो, विकणाऱ्याच्या घरचं आपल्याला चालत न्हाई! खानावळीत जेवून राहिला. खानावळवाला मला विचारतो, काकू, आजारी हाव का?”

आई तोंडाला पदर लावून हसू लागली, आणि तिला हसताना बघून काकूही. मी मात्र भिंतीला टेकून उभी. लग्नाच्या बायकोच्या घरी उपाशी राहणारा माणूस आपण नेमला आहे, हे काही केल्या माझ्या पचनी पडेना.

हसणे थांबले तसे आईने सरळ विचारले, “त्या दिवशी गप काहून झाल्या?”

“भेले,” काकू म्हणाल्या. “समोर त्या दोघी बसल्या व्हत्या. जलमभर त्यांच्यात बसले, उठले. आत बघितलं तर माझी ना नव्हती. पण तोंडच उघडंना. ह्यांचं एकच: येळ लागला म्हणजे न्हाई. अहो, भेलेल्या माणसाला बी येळ लागतो. हे त्यांना आता कोणत्या गाडीत शिकवू?”

“आन उद्या आमी तिथं राह्यला आलो, तर त्या दोघी गप बसतील?”

काकूंनी उत्तर देण्याआधी विचार केला. तो मला फार आवडला. “दोघी न्हाई बसणार. एक बोलंल. दुसरी चांगली हाय, पण ती बी माझ्यासारखीच भेकड हाय. तिच्याकडं मी सोता तुमाला घेऊन जाते.”

“उपकार म्हणून देत असाल, तर नको आमाला.”

“उपकार?” काकू फणकारल्या. “समोर असला माणूस बसवून ठेवलाय तुमी, आन वर उपकार मी करू? मला माझा भाव पाह्यजे, माय!”

आईने चहा ठेवला. काकूंनी तो बशीत ओतून, फुंकर घालून, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. आई त्या बशीकडे बघत राहिली होती, हे मी बघितले.

आईने काकूंचा होकार काकांना कळवला, आणि सौद्याची बैठक त्यांच्याच घरी झाली. काकू एकट्या एका बाजूला. समोर आई, मी आणि काका. पाऊस जोराचा झाला, की ओढ्याचे पाणी गल्लीत शिरते आणि जोते त्यासाठीच उंच आहे, हे काकांनी पहिल्याच वाक्यात सांगून टाकले. मग मागच्या खोलीतल्या कोपऱ्याकडे बोट केले. “तिथं वल येती. हे प्लास्टर ज्यानं केलं त्याला अक्कल नव्हती.”

“तुमीच केलंय,” काकू म्हणाल्या.

“म्हणून तर खात्रीनं सांगून राहिलो.”

आपल्याच घराचे असे वाभाडे काढणारा माणूस मी बघितला नव्हता, आणि ते ऐकून लाजण्याऐवजी तेवढ्याच ठसक्याने उत्तरे देणारी बाईही. माझ्या बाजूने बोलले जाणारे प्रत्येक वाक्य मला माझ्याच अंगावर आल्यासारखे वाटत होते. त्यात आई उठली आणि नेहमीप्रमाणे भिंती बघू लागली. पूर्वेच्या भिंतीपुढे थांबली. काकू कष्टाने उठल्या, स्टुलावर हात टेकून उंच झाल्या आणि तिथले घड्याळ खाली उतरवले.

“हे हितून काढावं लागंल, व्हय ना?” त्या म्हणाल्या.

ती गोष्ट आईने काकांना आणि काकांनी त्यांना कधी सांगितली होती, कोण जाणे. आई पटकन खिडकीकडे वळली.

घर झाले. काका-काकू कळमनुरीला गेले. समोरच्या दोघींपैकी एक आजही मी दिसले, की आत जाते. दुसरी एका सकाळी वाटी घेऊन आली आणि विरजणाला दही मागून घेऊन गेली. आईने त्या दिवशी मला दही वाढले नाही. उद्याही कोणी मागितले तर असावे म्हणून.

काही महिन्यांनी, एका दुपारी, कडी वाजली. दार उघडेच होते. मी बाहेर आले, तर जोत्याच्या वरच्या पायरीवर काका उभे. खांद्याला तीच पिशवी. उजवा पाय चपलेतून बाहेर, फरशीवर, डावा चपलेत. मी काही बोलण्याआधीच त्यांनी आवाज लावला. आधी स्वतःचे नाव, मग आडनाव.

“रिटायर कंडक्टर. गाव कळमनुरी. मराठा. मागं या घरात राहून गेलो. तुमाला भेटायला आलोय. घ्यायचं असंल तर या म्हणा, नसंल तर हितंच सांगा.”

ज्या उंबऱ्यातून हा माणूस अर्धे आयुष्य न विचारता आत-बाहेर करत आला, तिथे तो मला विचारत होता. आणि त्यात थट्टेचा लवलेशही नव्हता. मी नुसती बघत राहिले. वेळ जात होता. त्यांचा उजवा पाय हलला, चपलेच्या काठापर्यंत गेला, आणि तिथे थांबला. आत शिरला नाही. ते वाट बघत होते.

“या!” मी ओरडले.

ओरडलेच. गल्लीतल्या दोन खिडक्या उघडल्या. माझा एवढा आवाज आहे, हे माझे मलाच ठाऊक नव्हते. काकाही दचकले, आणि तसेच, एका चपलेवर, उभे राहिले.

मागून, तसबिरीखालच्या खाटेवरून, आईचा आवाज आला, “भाऊ, दुसरा पाय बी काढा की आता. चहा ठेवायला लावते.”